भय, देह आणि ईमान



मोठ्या अपघातातून, आगीतून, पुरातून, दंगलीतून किंवा मारहाणीतून बचावलेला मनुष्य घरी परततो, तेव्हा पहिले काही दिवस सारे आप्त त्याच्याभोवती असतात. महिना-दोन महिने लोटतात, जखमा भरून येतात. तरीही तो रात्री दचकून उठतो, दार आपटले तरी घामाघूम होतो, गर्दी टाळतो, जुम्याच्या नमाजलाही दाराजवळची जागा शोधतो. मग घरातूनच प्रश्न येऊ लागतात. अल्लाहवर भिस्त उरली नाही का? नमाजी माणसाला एवढी कसली भीती? असे विचारणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू नसतो. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात आजाराच्या जोडीला अपराधीपणाही घर करतो. म्हणून या पाठात आपण एकच गोष्ट नीट समजून घेऊ : संकटानंतर देहात उरलेली भीती आणि ईमानाची दुर्बलता या दोन भिन्न गोष्टी आहेत.

देहातील पहारेकरी

अल्लाहने मानवी देहाची रचना करताना त्याच्या रक्षणाची व्यवस्थाही त्यातच ठेवली आहे. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानशिलांच्या आतल्या अंगाला, बदामाच्या आकाराचे दोन लहान भाग असतात. वैद्यकशास्त्रात त्यांना अमिग्डाला म्हणतात. धोक्याची चाहूल घेणे हे त्यांचे एक मुख्य काम. वाटेत वेटोळे दिसले की पाय आधी मागे सरतो आणि ती दोरी आहे की साप, हे आपल्याला नंतर कळते. विचार करणारा मेंदू निर्णयाला पोहोचण्यापूर्वीच या पहारेकऱ्याने हाक दिलेली असते.

ती हाक हायपोथॅलॅमस या केंद्राकडे जाते आणि तेथून अनुकंपी चेतासंस्था जागी होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अॅड्रेनलिन सोडतात. हृदय वेगाने धडधडते, श्वास जलद होतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि रक्ताचा ओघ हातापायांच्या स्नायूंकडे वळतो. पचन मंदावते, तोंडाला कोरड पडते. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक येते आणि ही सज्जता काही काळ टिकवून धरते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी या अवस्थेचा अभ्यास करून ती लढण्याची किंवा पळण्याची तयारी असल्याचे दाखवून दिले.

याशिवाय आणखी एक प्रतिसाद आहे, थिजून जाण्याचा. लढणे वा पळणे शक्य नसेल, तेव्हा काही वेळा देह जागच्या जागी गोठतो; वाचा बसते, हातपाय हलत नाहीत. ज्यांच्यावर अत्याचार झाला, त्यांना पुढे विचारले जाते की, तू ओरडली का नाहीस, प्रतिकार का केला नाहीस? वाचकहो, हा प्रश्न अन्यायाचा आहे. थिजणे ही संमती नव्हे आणि भ्याडपणाही नव्हे. ज्या क्रियेवर मनुष्याचा ताबाच नव्हता, तिचा जाब त्याला विचारू नये.

धोका टळतो, पहारा उठत नाही

सामान्यतः संकट सरले की परानुकंपी चेतासंस्था देहाला पुन्हा विसाव्याकडे नेते. परंतु आघात फार मोठा असेल किंवा वारंवार झाला असेल, तर काही जणांच्या बाबतीत पहारेकरी आपली जागा सोडत नाही. आठवणीला काळ आणि स्थळ यांची जोड देण्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. तीव्र भयाच्या क्षणी ही जोड नीट बसत नाही, असे अभ्यासक सांगतात. परिणामी ती आठवण गतकाळाची आठवण म्हणून येत नाही. ती घटना आता, या क्षणी पुन्हा घडत आहे अशा रूपाने येते. एखादा आवाज, धुराचा वास, एखादा चेहरा तिला पुरेसा होतो.

महाराष्ट्राने हे जवळून पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लोक झोपेत असतानाच दगड-मातीच्या जाड भिंती त्यांच्यावर कोसळल्या आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. जे वाचले, त्यांतील कित्येक जण पुढे दीर्घकाळ छपराखाली झोपायला धजत नव्हते. ज्या घराने आयुष्यभर आसरा दिला, तेच घर त्यांच्या देहाला आता धोका वाटत होते. त्यांच्या श्रद्धेत त्या एका रात्रीत काही उणे झाले होते, असे कोण म्हणेल?

अशा त्रासाने एक महिन्याहून अधिक काळ ठाण मांडले आणि झोप, कामधंदा, नातीगोती यांवर त्याचा परिणाम होऊ लागला, तर डॉक्टर त्यास आघातोत्तर ताणविकृती मानतात. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत रोगसूचीत तिला या नावाने स्थान मिळाले. आघात सोसलेल्या बहुतेकांचा त्रास काळ आणि आधार यांमुळे ओसरतो. ज्यांचा ओसरत नाही, ते आजारी आहेत, गुन्हेगार नाहीत.

आदरणीय मूसा (अ.) यांचे भय

दिव्य कुरआन हा वैद्यकाचा ग्रंथ नाही आणि पैगंबरांना आजाराचे नाव लावणे हा आपला हेतू नाही. परंतु कुरआन मानवी भयाविषयी किती मोकळेपणाने बोलतो, हे पाहण्याजोगे आहे. सूरह अल-कसस उघडा. आदरणीय मूसा (अ.) यांच्या हातून एक मनुष्य दगावला. दुसऱ्या दिवशी ते शहरात कसे वावरत होते, याचे वर्णन कुरआन दोनच शब्दांत करतो : भयभीत आणि चहूकडे कानोसा घेणारे. पुढे शहर सोडतानाही हेच दोन शब्द पुन्हा येतात.

ते मदयनला पोहोचले. तेथे त्यांना सावली मिळाली, एका सज्जन वृद्धाच्या घरी बोलावणे आले. त्यांनी आपली सारी हकिगत सांगितली आणि त्या वृद्धाने ती ऐकून घेतली. ऐकल्यानंतरच त्यांनी दिलासा दिला की, आता भिऊ नका, जालिमांच्या तावडीतून तुम्ही सुटला आहात. मग निवारा, काम, विवाह आणि शांततेची वर्षे. क्रम ध्यानात घ्या : आधी आसरा, मग ऐकणे, मग धीराचा शब्द.

तरीही वर्षांनंतर, तूरच्या पायथ्याशी अल्लाहने त्यांना फिरऔनकडे जाण्याची आज्ञा केली, तेव्हा ती जुनी घटना त्यांच्या ओठांवर आली. आपल्या हातून एक माणूस मारला गेला आहे आणि ते लोक आपल्याला ठार करतील, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली. त्यापूर्वी काठीचा साप होताच ते मागे वळून न पाहता धावले होते. अल्लाहने या भयाबद्दल त्यांची निर्भर्त्सना केली नाही. पुढे या, आपण सुरक्षित आहात, असे आश्वासन दिले आणि भय शमविण्यासाठी आपला बाहू देहाशी आवळून घेण्यास सांगितले. अनेक भाष्यकारांनी याचा अर्थ हात छातीशी धरणे असा केला आहे. प्रत्यक्ष अल्लाहशी संभाषण करण्याचा मान ज्यांना लाभला, त्यांच्या भयाला उत्तर देताना आश्वासन मनाला दिले गेले आणि उपाय देहालाही सांगितला गेला.

माननीय खदीजा (रजि.) यांची रीत

हिरा गुहेतील पहिल्या वहीनंतर आदरणीय पैगंबर (स.) घरी परतले, तेव्हा त्यांचे हृदय थरथरत होते आणि आपल्याला पांघरूण घालावे असे ते म्हणत होते. हदीसमध्ये येते की, कंप ओसरेपर्यंत त्यांना पांघरूणात ठेवले गेले. त्यानंतर त्यांनी घडलेले सांगितले. माननीय खदीजा (रजि.) यांनी उपदेश केला नाही. नातेवाइकांशी आपण कसे वागता, दुर्बलांचा भार कसा उचलता, पाहुण्यांचा सत्कार कसा करता, याची आठवण करून देऊन अल्लाह आपल्याला कदापि वाऱ्यावर सोडणार नाही, असा विश्वास त्यांनी दिला. मग त्या त्यांना जाणकार अशा वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या. देहाला ऊब, मनाला शब्द आणि नंतर जाणकाराचा सल्ला : घाबरलेल्या माणसाशी कसे वागावे, याचा याहून सुंदर पाठ कोणता असेल?

आणखी एक प्रसंग. उहुदच्या लढाईत पैगंबर (स.) यांचे काका माननीय हमजा (रजि.) यांना शहीद करणारे वहशी पुढे इस्लाम स्वीकारून आले. पैगंबर (स.) यांनी त्यांचा स्वीकार केला, मात्र शक्य असल्यास माझ्या नजरेसमोर येऊ नका, अशी विनंतीही केली. क्षमा केली म्हणजे जखम जागी करणारा चेहरा रोज पाहिलाच पाहिजे, असे नाही. कुटुंबातील पीडितांवर समेटाचा आग्रह लादणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा.

घराची जबाबदारी

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, हिणवू नये. घाबरू नकोस, एवढे म्हटल्याने हृदयाची धडधड थांबत नाही. दचकलेल्या माणसाजवळ शांतपणे बसावे, पाणी द्यावे, आपण कोठे आहोत, आज कोणता दिवस आहे, याची त्यास हळुवार जाणीव करून द्यावी. श्वास संथपणे घेऊन त्याहून अधिक संथपणे सोडल्यास परानुकंपी संस्थेतील व्हेगस या चेतेमार्फत हृदयाची गती मंदावते. थांबत थांबत, तरतीलने केलेल्या तिलावतीत उच्छ्वास आपोआप लांबतो. जिक्र आणि नमाज अल्लाहसाठी आहेत. त्यांच्या ओघात देहालाही विसावा मिळावा, ही त्याची कृपा. घडलेली घटना मात्र खोदून खोदून विचारू नये. तो स्वतः बोलेल तेव्हा कान द्यावेत.

दुसरी गोष्ट, मुलांची. ज्या घरात रोज आरडाओरड आणि मारझोड असते, तेथील मुलाचा पहारेकरी सदैव जागा असतो. धड्यात त्याचे लक्ष लागत नाही, कारण त्याचे कान दाराकडे असतात. त्यास ढ म्हणून आणखी मारणे हा जुलूम होय. जिन येईल, बागुलबुवा नेईल, अशी भीती घालणेही टाळावे. एका सहाबींना झोप लागली असता सोबत्याने थट्टेने त्यांची दोरी उचलली आणि ते दचकून घाबरले, तेव्हा कोणाही मुस्लिमाला घाबरवणे वैध नाही, अशी शिकवण पैगंबर (स.) यांनी दिली. मोठ्या माणसाच्या बाबतीत जर असे, तर लेकराच्या बाबतीत काय?

उपचार हीदेखील सुन्नत

उपचार करावेत काय, असे विचारणाऱ्यांना पैगंबर (स.) यांनी उपचार करण्यास सांगितले आणि वार्धक्याखेरीज प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज ठेवला असल्याचे स्पष्ट केले. यातून मनाचे आजार वगळलेले नाहीत. अबू जैद अल-बल्खी (मृत्यू इ. स. ९३४) यांनी देह आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला आणि त्यात भयावर स्वतंत्र विवेचन केले. आज आघातावर परिणामकारक अशा समुपदेशनाच्या पद्धती आहेत. त्यांत प्रशिक्षित तज्ज्ञाच्या सोबतीने, सुरक्षित वातावरणात त्या आठवणीकडे हळूहळू पाहायला शिकवले जाते. गरज पडल्यास औषधेही दिली जातात. दुआ आणि कुरआनपठण अवश्य चालू ठेवावे, परंतु त्यांच्या नावाखाली कोणी डॉक्टरांचे औषध थांबवण्यास सांगत असेल, तर त्याचे ऐकू नये. भारत सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखवले, तर त्यास एकटे सोडू नये आणि मदत घेण्यास उद्यावर ढकलू नये.

आणि जी व्यक्ती स्वतः या त्रासातून जात असताना हे वाचत आहे, तिला इतकेच सांगणे आहे : आपले हृदय धडधडते ते आपला रब आपल्यावर नाराज आहे म्हणून नव्हे. त्याने दिलेला पहारेकरी आपल्याला वाचवण्यासाठी धडपडला आणि अजून त्यास विसावा मिळालेला नाही. भीत भीत केलेला सजदाही सजदाच आहे.

अल्लाह प्रत्येक भयभीत हृदयाला शांती देवो, आजाऱ्यांना शिफा देवो आणि आपली घरे एकमेकांसाठी मदयनच्या त्या सावलीसारखी करो. आमीन.