कायदा आणि लोकारोग्य : भाचीस पत्र



अमेरिकेत कायदा आणि सार्वजनिक आरोग्य यांचा संयुक्त अभ्यासक्रम घेण्याचा चिरंजीव भाचीचा विचार स्तुत्य आहे. तेथील विधिपदवीस, म्हणजे जेडीस, तीन वर्षे आणि सार्वजनिक आरोग्याच्या एमपीएच या पदवीस साधारण दोन वर्षे लागतात. काही विषय दोन्हीकडे ग्राह्य धरले जात असल्याने बहुतेक ठिकाणी पाचांऐवजी चार वर्षांत दोन्ही पदव्या मिळतात. तथापि वर्ष वाचते एवढ्यासाठी हा मार्ग धरू नये.

या दोन विद्यांचे नाते कळण्यासाठी १९०५ चा जेकबसन खटला मुळापासून वाचावा. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज गावात देवीची साथ असताना पाद्री जेकबसन यांनी लस नाकारली, कारण पूर्वीच्या लशीचा त्यांना त्रास झाला होता. त्यांना पाच डॉलर दंड झाला आणि ते पाच डॉलर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. निकाल त्यांच्या विरुद्ध लागला, पण साथीच्या निमित्ताने केलेली सक्ती मनमानी किंवा गरजेपलीकडची असेल तर न्यायालय हस्तक्षेप करू शकते, हेही त्याच निकालात नोंदले गेले. आता सक्ती गरजेची होती की नव्हती, हे ठरवते साथरोगशास्त्र, म्हणजे रोग कोणाला, कोठे आणि किती वेगाने होतो याचा हिशेब मांडणारे शास्त्र. आणि त्या गरजेपोटी माणसावर किती बळ वापरावे, हे ठरवतो कायदा. यातले एकच जाणणारा अर्ध्या वाटेवर अडतो.

पुण्याच्या माणसाला हे निराळे सांगावे लागू नये. १८९७ मध्ये प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घराघरांत, माजघरापर्यंत शिरले. त्याच वर्षीच्या साथरोग कायद्याने सद्भावनेने काम करणाऱ्यांवर दावा लावण्याची वाट बंद केली होती, त्यामुळे केंब्रिजच्या पाद्र्याला जी दाद मागता आली ती येथे जवळजवळ अशक्य होती.

म्हणून जैवसांख्यिकी, म्हणजे आरोग्याच्या आकड्यांचे गणित, कायद्याच्या विद्यार्थ्याला रुक्ष वाटले तरी टाळू नये. आकडे न कळणारा वकील साक्षीला आलेल्या तज्ज्ञाच्या ताब्यात जातो. परतून येथे वकिली करायची असल्यास परदेशी पदवीला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, हे आधीच पाहावे; मान्यता असली तरी पात्रता परीक्षा द्यावीच लागते.

अर्ज पाठवण्यापूर्वी १८९७ चा तो कायदा एकदा वाचावा. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा आहे.