काळी, पांढरी आणि माळ

जुन्या माणसांच्या बोलण्यात गावच्या जमिनीचे दोन भाग असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. या दोहोंच्या पलीकडे तिसरा भाग असतो, तो माळ. त्यातला काही खासगी मालकीचा असतो, काही सरकारी गायरान असतो. दप्तरात त्याची नोंद बहुधा ‘पडीक’ अशी सापडते. अर्थशास्त्राच्या तासाला जमीनवापराचे वर्गीकरण शिकत असताना मला हा शब्द नेहमी खटकत आला आहे. प्रस्तुत लेखात त्याच शब्दाच्या आधाराने एका मोठ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. गावाचे गावपण राखावयाचे की विकास साधावयाचा, आणि जमिनीचा वापर कोणी ठरवावयाचा, हा तो प्रश्न होय.

नांदूरघाट हे केज तालुक्यातील आमचे गाव. भोवती बालाघाटाचे पठार, पाऊस बेभरवशाचा, शेती मुख्यत्वे जिरायती. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे बैलगाडी किंवा ट्रॅक्टर घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. अशा गावाला विकास नको, असे शहरात बसून म्हणणे फार सोपे आहे. येथल्या तरुणाला काम हवे आहे, आणि ते गावात मिळाले तर त्याहून चांगले काय?

ती संधी आज वाऱ्याच्या आणि उन्हाच्या रूपाने आली आहे. बीड जिल्ह्याच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ ठरविण्यात आली. म्हणजे एकरी सुमारे ५० हजार रुपये झाले. मुरमाड जिरायतीत तूर-सोयाबीन घेणाऱ्याला इतके निव्वळ उत्पन्न क्वचितच लाभते. याच योजनेसाठी सरकारी जमिनींचाही, गायरानांसह, विचार झाला.

दोन्ही प्रकल्पांचा जमिनीवरील भार मात्र सारखा नसतो. पवनचक्कीच्या मनोऱ्याला जागा थोडी लागते, पण अवजड क्रेन नेण्यासाठी रुंद रस्ते काढावे लागतात. त्यात बांध फुटतात आणि पावसाच्या पाण्याच्या वाटा बदलतात. सौर प्रकल्पात उलट सलग जमीन कुंपणात जाते. पायवाटा आणि चराई बंद होते. भाडे एकाला मिळते आणि वाट दुसऱ्याची बंद होते, हा हिशेब करारात कोठेच लिहिलेला नसतो.

आमच्या चुलत्यांच्या माळाच्या तुकड्यासाठी एकदा एक दलाल कागद घेऊन आला होता. चुलते त्याला म्हणाले, “आधी पोराला वाचू द्या.” कागदात वर्षे होती, रक्कम होती, पण पलीकडच्या शेतांना जाणारी गाडीवाट कोठून राहील हे नव्हते. सही झाली नाही. पुढे मी हा विषय माळावर मेंढ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांजवळ काढला आणि ही जमीन कागदावर पडीक आहे, असे सांगितले. ते हसून म्हणाले, “पडीक व्हय? मग माझी मेंढरं काय दगडं खात्यात?” वर्गीकरणाच्या तक्त्यावर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही.

गायरानाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. मराठवाड्यातील भूमिहीनांनी, विशेषतः दलितांनी, गायराने कसून त्यावर संसार उभे केले. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह याच भुकेतून झाले. महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी काही अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले. म्हणजे एकाच गायरानावर जनावरांचा, भूमिहीनांचा आणि आता वीजप्रकल्पाचा असे तीन दावे उभे आहेत. तिन्हींना आपापले कारण आहे.

तर मग माळ जसाच्या तसा राखून ठेवावा काय? तोही मार्ग निर्दोष नाही. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे आणि शेतेही आली. लोकांच्या व्यवहारांवर बंधने पडली, नाराजी वाढली, आणि २०१२ साली त्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला होता. लोकांना न विचारता आखलेल्या रेषेने लोकांचेही भले झाले नाही आणि पक्ष्याचेही नाही.

याउलट शेजारच्या त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहावे. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. त्यानंतर गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारली, शेतीसाठी कूपनलिका आणि उसासारखी जास्त पाण्याची पिके टाळली, आणि गावची जमीन बाहेरच्यास विकायची नाही असेही ठरविले. बंधने येथेही कडक होती, परंतु ती गावाने स्वतःवर घातली होती. विकास थांबला नाही, उलट गाव सोडून गेलेले लोक परतले.

कायद्यात तरतूद नाही असे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याखाली प्रादेशिक योजना करता येते. ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आली, आणि जागेच्या वापराचे नियोजन व पाण्याची वाटणी हे विषय तिच्या कक्षेत स्पष्टपणे घातले गेले. प्रत्यक्षात आपल्याला ही समिती निधीच्या वाटपाच्या बातम्यांतूनच भेटते. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने १९७३ साली कायदा करून प्रत्येक काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाला, जमीनवापराचा आराखडा बंधनकारक केला. त्या राज्याच्या नियोजन-उद्दिष्टांत शेतजमिनीचे रक्षण तिसरे आहे. पहिले आहे नागरिकांचा सहभाग.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. जमिनीचे सौदे अंधारात झाले की गावात पैशाचा आणि दहशतीचा शिरकाव होतो. आमच्याच तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली, आणि पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी तिचा संबंध तपास यंत्रणेने जोडला. त्यानंतर हा विषय केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गावाने आपला नकाशा समोर ठेवून काळी, पांढरी, गायरान, ओढे, पाणवठे आणि वहिवाटीच्या वाटा प्रथम नोंदवाव्यात. माळावर कोण, कोणत्या महिन्यात, कशासाठी जातो हेही लिहावे. मग कुंपण कोठे चालेल आणि कोठे नाही, हे ठरवावे. जमीन विकण्यापेक्षा भाड्याने देण्याकडे कल असावा, आणि प्रकल्पाच्या उत्पन्नात चराई गमावणाऱ्याचाही वाटा असावा.

एक गोष्ट मात्र विसरू नये. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला आमच्याकडची कितीतरी घरे कुलूपबंद असतात, कारण माणसे उसाच्या फडात असतात. माळाची सर्वांत जास्त गरज याच कुटुंबांना आहे. शेळी त्यांची, सरपण त्यांचे, आणि मागे राहिलेली म्हातारी माणसेही त्यांचीच. म्हणून माळाचा निर्णय घ्यावयाचा तो तोडणीवरून माणसे परतल्यावर, १ मेच्या किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्यावा. आम्हा शिकलेल्या मुलांनी तेवढे जरी केले, म्हणजे नकाशा वाचून दाखविला आणि कराराचा कागद सर्वांना समजेल अशा भाषेत सांगितला, तरी आमच्या शिक्षणाचा गावाला काही उपयोग झाला असे म्हणता येईल.