बशीतले चाळीस रुपये

प्रस्तावना

उपाहारगृहात खाणे झाल्यावर वेटरला वरचे चार पैसे द्यावेत की नाही, हा प्रश्न वरवर अगदी लहान वाटतो. परंतु तो प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पडतो. तुमच्यापैकी काहीजण तर पैसे घेणाऱ्याच्या जागीही उभे राहिले असतील. एका कुटुंबातील मतभेदाच्या निमित्ताने या पाठात त्या प्रथेचा विचार केला आहे.

मूलपाठ

मुंबईत दादरच्या एका उपाहारगृहात चौघेजण जेवायला आले होते. एक निवृत्त शिक्षक, त्यांच्या पत्नी, बँकेत नोकरी करणारी मुलगी आणि बरीच वर्षे अमेरिकेत राहून परतलेला भाचा. बिल 760 रुपये झाले. गुरुजींनी 800 रुपये दिले. थोड्या वेळाने वेटरने बडीशेपेची बशी आणून ठेवली. तिच्यात बिलाखाली वीस-वीसच्या दोन नोटा होत्या. गुरुजींनी एक नोट खिशात घातली आणि दुसरी तशीच राहू दिली.

"मामा, एवढेच?" भाच्याने विचारले. "तिकडे शंभरामागे पंधरा-वीस ठेवले नाहीत, तर माणसाला कंजूष समजतात."

"अरे, तो त्याचे काम करतो, त्याचा पगार त्याला मिळतो," गुरुजी म्हणाले. "मी इतकी वर्षे शिकवले. धडा चांगला समजावला म्हणून कोणी माझ्या टेबलावर वीस रुपये ठेवले नाहीत."

"अहो, मग ही एक नोट तरी का ठेवलीत?" पत्नीने हसत विचारले.

गुरुजींजवळ याचे उत्तर नव्हते. खरे तर पुष्कळांजवळ ते नसते. काही न ठेवता उठावे तर वेटरच्या नजरेला नजर देणे अवघड जाते. जास्त ठेवावे तर आपण उगीच मोठेपणा मिरवतो आहोत असे वाटते. मग सवयीने दहा किंवा वीस रुपयांवर तडजोड होते आणि तिला टीप हे नाव मिळते. (मराठीतली टीप पुस्तकात असते, शिवणकामात असते आणि डोळ्यांतूनही गळते, ही चौथी टीप मात्र इंग्रजीतून आली.)

आपल्याकडे शब्द नव्हता असे नाही. बक्षिसी हा शब्द होताच. देणाऱ्याची मर्जी झाली म्हणून दिलेला पैसा, असा त्याचा भाव आहे. दिवाळीत घरच्या कामकऱ्यांना दिले जाणारे पोस्त हेही पगाराबाहेरचे देणे. पण ते ठरलेल्या सणाला येते, त्यामुळे घेणारा त्याची हक्काने वाट पाहतो. गावगाड्यातील बलुते तर याहून वेगळे. सुताराला किंवा कुंभाराला सुगीच्या वेळी मिळणारे धान्य ही कोणाची मेहेरबानी नव्हती, तो वर्षभराच्या कामाचा मोबदला होता. बशीतली नोट या तिघांपैकी कोणती, हाच खरा वाद आहे. गुरुजी तिला बक्षिसी समजत होते, म्हणून ती देणे न देणे त्यांना आपल्या हातचे वाटत होते. भाच्याच्या मनात मात्र ती बलुत्यासारखी होती.

भाच्याचेही चूक नव्हते, कारण अमेरिकेचा कायदाच निराळा आहे. तेथे संघराज्याच्या कायद्यानुसार तासाचे किमान वेतन 7.25 डॉलर आहे. परंतु टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख केवळ 2.13 डॉलर दिले तरी चालते. उरलेली भर टिपेतून पडावी, आणि न पडल्यास ती मालकाने भरून द्यावी, असा नियम आहे. 2.13 हा आकडा 1991 पासून बदललेला नाही. कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये अशी सूट देत नाहीत. पण इतरत्र टीप न ठेवणारा गिऱ्हाईक वेटरच्या मजुरीतूनच पैसे वाचवत असतो. याउलट जपानमध्ये टीप देण्याची रीतच नाही. टेबलावर पैसे राहिले, तर गिऱ्हाईक विसरला असे समजून ते परत आणून दिले जाण्याचा संभव अधिक.

एव्हाना मुलीने बिल हातात घेतले होते. "बाबा, सेवाशुल्क लावलेले नाही ना, ते आधी पाहायला हवे," ती म्हणाली.

तिची सावधगिरी योग्य होती. वस्तू व सेवा कर शासनाच्या तिजोरीत जातो. सेवाशुल्क हा कर नव्हे. ते उपाहारगृहाकडेच राहते आणि त्यातले वेटरला किती मिळाले, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. हे शुल्क ऐच्छिक आहे, असे केंद्र शासनाने 2017 मध्ये स्पष्ट केले होते. ते बिलात आपोआप जोडू नये, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये काढले. उपाहारगृहांच्या संघटना न्यायालयात गेल्या. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे निर्देश योग्य ठरवले. त्याविरुद्ध पुढे अपीलही झाले. सक्तीने शुल्क लावल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

कायद्याने अशा रीतीने गिऱ्हाइकाची बाजू सांभाळली. पण जे शुल्क बिलातून गेले ते बशीत आलेच असे नाही. त्यातच आता मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत रूढ झाली आहे. 760 रुपयांचे बिल झाले की नेमके 760 रुपये जातात. बशीत सुटे पैसे येतच नाहीत, आणि वेटरसाठी काही ठेवायचे तर मुद्दाम खिशातून काढावे लागते. मुद्दाम काढणारे थोडेच.

तेवढ्यात वेटर बशी उचलायला आला. भाच्याने त्यालाच विचारले, "दादा, हे पैसे तुम्हालाच मिळतात ना?"

"नाही साहेब. सगळे गल्ल्याजवळच्या डब्यात टाकायचे. रात्री वाटणी होते. आतला स्वयंपाकी आहे, भांडी घासणारे दोघे आहेत. त्यांना टेबलावर कोण पाहतो?"

"आणि डब्यात काही नसले तर?"

"पगार गावी जातो. इथला चहा, साबण, लोकलचा पास डब्यावर चालतो. नसले तर चालत जायचे."

गुरुजींनी खिशातली नोट काढून पुन्हा बशीत ठेवली. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "भांडी घासणारे किती वाजता सुटतात?"

"शेवटचे गिऱ्हाईक उठल्यावर, दीड तासाने," वेटर म्हणाला आणि दोन्ही नोटा घेऊन गल्ल्याकडे गेला.

पाठगत प्रश्न

1. बक्षिसी, पोस्त आणि बलुते यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
2. सेवाशुल्क आणि वस्तू व सेवा कर यांत काय भेद आहे?
3. गुरुजींनी शेवटी तो प्रश्न का विचारला असावा?