गंगेचे पाणी आणि युक्तिवादाचे शिक्षण

निसर्गसंरक्षणावर निबंध लिहावयास सांगितला की विद्यार्थ्यांच्या वह्या बहुधा घोषणांनी भरतात. घोषणा लक्षात राहते. परंतु कोणाला, काय आणि कोणत्या पुराव्यावर पटवून द्यावयाचे, याचे शिक्षण तीतून मिळत नाही. या दृष्टीने वाराणसीच्या गंगेचे उदाहरण उद्बोधक ठरते.

न्यायालयीन पार्श्वभूमी

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणरक्षण हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. पुढे गंगा प्रदूषणावरील एम. सी. मेहता यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८८ मध्ये पहिल्या दहा इयत्तांत आठवड्यातून किमान एक तास पर्यावरणविषयक पाठ देण्याचा आणि त्यासाठी पाठ्यपुस्तके विनामूल्य पुरविण्याचा निर्देश दिला. १९९१ च्या आणखी एका निर्णयाने हा विषय सक्तीचा करण्यावर भर दिला. म्हणजेच शाळेतील पर्यावरणाच्या तासाचे एक मूळ गंगेच्या पाण्यातच आहे. प्रश्न आहे तो या तासात काय शिकवावे, हा.

दोन भाषांचा मेळ

१९८६ मध्ये वाराणसी येथे गंगा कृती योजनेचा प्रारंभ झाला. तत्पूर्वीच, १९८२ मध्ये, प्रा. वीरभद्र मिश्र यांनी संकटमोचन फाउंडेशनची स्थापना केली होती. ते काशी हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि संकटमोचन मंदिराचे महंत होते. नित्य गंगास्नान करणारा हा भाविक प्रयोगशाळेत त्याच पाण्याची तपासणीही करवून घेत असे. श्रद्धावानांशी ते श्रद्धेच्या भाषेत बोलत, शासनाशी आकडेवारीच्या. केवळ दोष दाखवून ते थांबले नाहीत. वीजपुरवठा खंडित होताच सांडपाणी उपसणारे पंप बंद पडतात, हे दाखवून त्यांनी गुरुत्वाकर्षणाने वाहणारी मलवाहिनी व शुद्धीकरण तलाव हा पर्याय मांडला. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची मांडणी मात्र आजही अभ्यासनीय आहे.

अर्थशास्त्रीय बाजू

सांडपाणी नदीत सोडणाऱ्याचा शुद्धीकरणाचा खर्च वाचतो. तोच खर्च प्रवाहाच्या खालच्या बाजूचे लोक आजारपणाच्या रूपाने सोसतात. अर्थशास्त्रात यास 'नकारात्मक बाह्यता' म्हणतात. बाजारातील किमतीत हा खर्च दिसत नाही. तो कोणी तरी शब्दांत आणि आकड्यांत मांडावा लागतो. पटवून देणारे लेखन हे म्हणूनच केवळ भाषेच्या तासाचे कौशल्य नसून नागरिकत्वाचे साधन आहे.

वर्गातील पद्धती

वाचताना मुलांनी प्रत्येक मजकुराला चार प्रश्न विचारावेत: यातील तथ्य कोणते, मूल्य कोणते, मागणी कोणती आणि ती कोणाकडे? 'गंगा पवित्र आहे' हे मूल्यविधान होय. 'स्नानयोग्य पाण्यात जैवरासायनिक प्राणवायू मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी' हा मोजता येणारा निकष होय. पहिल्याने मन वळते, दुसऱ्याने उत्तर द्यावे लागते.

लेखनासाठी महापालिकेस पत्र हा चांगला उपक्रम आहे. आपल्या परिसरातील एका नाल्याचे निरीक्षण, त्याचा परिणाम, एक निश्चित मागणी आणि विरोधी आक्षेपाचा प्रामाणिक विचार, एवढे त्यात असावे. शुद्धीकरण केंद्रास जमीन, वीज व देखभाल खर्च लागतो, हे मान्य करून लिहिलेले पत्र अधिक विश्वसनीय ठरते. २०१४ मध्ये मंजूर झालेल्या 'नमामि गंगे'सारख्या कार्यक्रमाचे मूल्यमापनही याच कसोटीवर करावे: किती निधी मिळाला एवढेच न पाहता, पाणी किती सुधारले हे पाहावे.

नदीविषयी प्रेम बाळगणे मुलांना फारसे शिकवावे लागत नाही. त्या प्रेमाला पुराव्याची जोड देणे मात्र शिकवावे लागते, आणि त्यासाठी आठवड्याचा तो एक तास पुरेसा आहे.

सरावासाठी प्रश्न: 'पर्यावरण शिक्षण हे माहितीचे नव्हे, युक्तिवादाचे शिक्षण असावे.' गंगेच्या संदर्भात या विधानाची चर्चा करा.