शिळ्या उसाची साखर सुईसारखी का होते?

आज खत-फवारणी बाजूला ठेवू.

घरातली चिमूटभर साखर काळ्या कागदावर टाका आणि मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा. चांगला दाणा ठोकळ्यासारखा, भरीव दिसतो. ऊस शिळा असला तर कारखान्याच्या पॅनमध्ये हाच दाणा लांबट, सुईसारखा वाढतो.

असं का? तोडलेल्या टोकातून, उकललेल्या सालीतून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू उसात शिरतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ बनवतात. रस तापवला की जिवाणू मरतात, पण डेक्स्ट्रान विरघळलेलंच राहतं. चुन्यानंही ते पुरतं निघत नाही.

आता दाणा कसा वाढतो बघा. गवंडी वीट लावतो तसे पाकातले साखरेचे कण दाण्याच्या सगळ्या बाजूंवर थरावर थर बसतात. डेक्स्ट्रान मात्र सगळीकडे सारखं चिकटत नाही. ज्या बाजूंना चिकटतं तिथं नवी वीट बसायला अडचण, ती बाजू थबकते. टोकं तेवढी वाढत राहतात. झाली सुई! (बीटमध्ये रॅफिनोज नावाची वेगळी साखर असते, तीही दाणा लांबवते, पण दुसऱ्या दिशेनं.)

सुई झाली तर बिघडलं कुठं? ठोकळ्यांमधून मळी सहज निथळते, सुया एकमेकींत अडकून बसतात. मग दाणा जास्त पाण्यानं धुवावा लागतो आणि साखर विरघळून परत मळीत जाते. त्यात डेक्स्ट्रानमुळे तपासणीत रसातली साखर असते त्यापेक्षा जास्त दिसते, पोत्यात मात्र कमी भरते.

२०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे. त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. उतारा अख्ख्या कारखान्याचा सरासरी धरतात, त्यामुळे एकाचा शिळा ऊस शेजाऱ्यालाही भोवतो.

गुऱ्हाळवाल्यांचं दुखणं थोडं वेगळं. शिळ्या उसात साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतं. पाकात लिंबू पिळलं की साखर दाणे धरत नाही ना, तेच काहिलीत होतं: गुळाला कणी येत नाही, तो चिकट राहतो आणि पावसाळ्यात पाघळतो.

म्हणून वाहन नक्की झाल्याशिवाय तोड घेऊ नका. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळपाला जाऊ द्या. वाहन रखडलंच तर मोळ्या सावलीला ओढा, वर पाचट टाका, पाणी शिंपडा. पाचट जाळून तोड करू नका, आचेनं साल तडकते आणि जिवाणूंना वाट मिळते. चुकून फड जळालाच तर मुकादमाला त्याच दिवशी सांगा आणि तो ऊस सगळ्यात आधी भरा.