संगणकाच्या ‘पिंग’चा आकडा कसा वाचावा?

ग्रामपंचायत कार्यालयात दाखल्यांचे काम रखडले, की दोष बहुधा दूरच्या सर्व्हरला दिला जातो. दोष नेमका कोठे आहे, हे शोधण्याचे सोपे साधन म्हणजे ‘पिंग’. अमेरिकेतील माइक म्यूस यांनी ते १९८३ मध्ये तयार केले. संगणकाने धाडलेल्या लहानशा संदेशाचे उत्तर परत येण्यास किती मिलिसेकंद लागले, हे त्यावरून कळते.

या आकड्यास निसर्गाची मर्यादा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणून १,००० किलोमीटरच्या जाण्यायेण्यास किमान १० मिलिसेकंद लागतातच. भूस्थिर उपग्रहामार्गे हा वेळ अर्ध्या सेकंदाच्या घरात जातो; तो बिघाड नव्हे. आकडा उणे आला, तर मात्र संगणकाचे घड्याळच चुकत आहे असे समजावे. दोन गाभ्यांच्या काही जुन्या प्रोसेसरांत घड्याळे परस्परांशी न जुळल्याने असे घडत असे.

तपासणी जवळून दूर करीत जावी. प्रथम कार्यालयातील राउटरलाच वीस-पंचवीस वेळा पिंग करावे. तेथेच आकडे ३, १८०, ५ असे उड्या घेत असतील, तर वायफाय सोडून केबल जोडून पाहावी. राउटरपर्यंत आकडे स्थिर असून पुढे वाढत असतील, तर इतर संगणकांवरील डाउनलोड थांबवून पुन्हा मोजावे. तरीही फरक न पडल्यास दिनांक, वेळ व आकडे नोंदवून सेवा पुरविणाऱ्या कंपनीस कळवावे. अशी नोंद हाती असल्यास दुरुस्ती योग्य ठिकाणी होते आणि दाखल्यासाठी आलेल्या नागरिकाचा हेलपाटा वाचतो.