अमेरिकेची महानगरे : कुणाचे उत्पन्न किती आणि ते मोजायचे कसे?



वर्तमानपत्रात अधूनमधून एक चौकट येते. न्यूयॉर्कचे उत्पन्न अमुक देशापेक्षा मोठे, लॉस एंजेलिसचे तमुक देशाएवढे. पोरं ती मोठ्यानं वाचून दाखवतात आणि पारावर चर्चा रंगते. आकडे बहुधा खोटे नसतात. पण ते कशाचे, कुठल्या हद्दीचे आणि कुठल्या भावाचे, हे त्या चौकटीत लिहिलेले नसते. कारखान्याचा ताळेबंद वाचणाऱ्या सभासदाला हे तीन प्रश्न नवे नाहीत, म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

पहिली गोष्ट, एकूण उत्पादन म्हणजे उलाढाल नव्हे. इथेच पुष्कळांची गल्लत होते. समजा, एका सभासदाचा ऊस एक लाख रुपयांचा झाला. त्यात खते, औषधे, डिझेल असा बाहेरून आणलेला माल तीस हजारांचा. कारखान्याने त्याच उसापासून साखर, मळी आणि बगॅस मिळून दीड लाखाचा माल काढला, आणि चुना, गंधक, पोती यांना दहा हजार लागले. (तोडणी-वाहतूक सोयीसाठी बाजूला ठेवू.) आता कुणी एक लाख आणि दीड लाख मिळून अडीच लाख मांडले, तर ऊस दोनदा मोजला गेला. खरा हिशेब असा : शेतात सत्तर हजारांची भर पडली, कारखान्यात चाळीस हजारांची. दोन्ही मिळून एक लाख दहा हजार. खताचे पैसे खत बनवणाऱ्याच्या हिशेबात जातील. मजुरी आणि पगार मात्र वजा करायचे नाहीत, कारण ते या पडलेल्या भरीतूनच दिले जातात.

अमेरिकेत हा हिशेब तिथल्या व्यापार खात्याचे आर्थिक विश्लेषण कार्यालय ठेवते, आणि २००७ सालापासून महानगरवार आकडेही प्रसिद्ध करते. त्यात एक गंमत आहे. माणूस स्वतःच्या घरात राहत असला तरी त्या घराचे अंदाजे भाडे उत्पादनात धरतात, म्हणजे तो आपलाच भाडेकरू! उलट घरची बाई दिवसभर राबते त्याचा एक पैसाही त्यात येत नाही. तेव्हा जिथे घरे महाग, तिथला आकडा या भाड्यानेही फुगतो, हे ध्यानात असू द्या.

आता हद्द. समजा, आपल्या कारखान्याचे सगळे गाळप, कारखाना ज्या गावात उभा आहे त्या एकट्या गावाच्या लोकसंख्येने भागले, तर ते गाव कुबेराचे ठरेल. ऊस मात्र आला पन्नास-साठ गावांतून. म्हणून हिशेब धरायचा तर कार्यक्षेत्राचा धरावा लागतो. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनचे हेच होते. तिथे राहणारे सुमारे १६ लाख, पण कामाच्या दिवशी बाहेरून येणाऱ्यांमुळे ही संख्या दुप्पट होते. उत्पादन जिथे काम होते तिथे मोजतात आणि डोकी जिथे माणूस झोपतो तिथे. मॅनहॅटनचे उत्पादन मॅनहॅटनच्या डोक्यांनी भागणे म्हणजे त्या एका गावासारखेच झाले.

यावर अमेरिकेने तोड काढली ती महानगर क्षेत्राची. काउंटी हा आपल्या जिल्ह्यासारखा, पण बहुधा आकाराने लहान असा भाग. निदान ५० हजार वस्तीचे शहर ज्या काउंटीत येते ती मुख्य काउंटी. शेजारच्या ज्या काउंट्यांतले निदान चौथा हिस्सा कामकरी तिथे रोज कामाला जातात, त्या तिला जोडायच्या. राज्याची सीमा आडवी आली तरी चालते. न्यूयॉर्कचे महानगर हडसन नदी ओलांडून न्यू जर्सी राज्यात पसरले आहे. अशी एकूण पावणेचारशेच्या वर क्षेत्रे आहेत, आणि देशाच्या उत्पादनातला सुमारे नव्वद टक्के भाग त्यांतून येतो.

२०२३ सालचे चालू भावाचे आकडे पाहू. तिकडे ट्रिलियन म्हणतात त्याचे आपले एक लाख कोटी होतात, म्हणून कोटीतच बोलू. न्यूयॉर्क पहिले, सुमारे २ लाख ३० हजार कोटी डॉलर. देशाच्या एकूण उत्पादनातले शंभरातले आठ डॉलर एकट्या या क्षेत्राचे. दुसरे लॉस एंजेलिस, सुमारे १ लाख ३० हजार कोटी. तिसरे शिकागो, ९० हजार कोटींच्या घरात. पुढे सॅन फ्रान्सिस्को, डॅलस, वॉशिंग्टन आणि ह्यूस्टन ही चार ७० ते ७८ हजार कोटींच्या टप्प्यात, एकमेकांच्या पाठोपाठ. बोस्टन ६० हजार कोटींच्या आसपास, आणि त्याच्या थोडे खाली अटलांटा, सिएटल, फिलाडेल्फिया, मायामी.

पण हा क्रम दगडावरची रेघ समजू नका. सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजे ही दोन क्षेत्रे एकमेकांना खेटून आहेत. एकाच खाडीच्या काठची, आणि अनोळखी माणसाला एक कुठे संपते नि दुसरे कुठे सुरू होते ते कळणार नाही. सरकारी नियमाने ती वेगळी आहेत. सॅन होजेचे ४० हजार कोटींहून जास्त. दोन्ही एकत्र धरली तर जोडी शिकागोला मागे टाकून तिसरी येते आणि लॉस एंजेलिसच्या जवळ जाते. लॉस एंजेलिसलाही तसे म्हणायला जागा आहे, कारण त्याच्या पूर्वेचे रिव्हरसाइड–सॅन बर्नार्डिनो क्षेत्र नियमाने वेगळे आहे. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच बंदरांत उतरलेला माल याच रिव्हरसाइडच्या गोदामांत येऊन पडतो. कार्यक्षेत्राची रेघ कुठून ओढली यावर कोण मोठा ते ठरते, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको.

तिसरा प्रश्न दरडोईचा. सॅन होजे क्षेत्राची लोकसंख्या वीस लाखांच्या आत, त्यामुळे दरडोई उत्पादन दोन लाख डॉलरच्या वर जाते. न्यूयॉर्कचे एक लाखाहून थोडे जास्त. डेट्रॉइटचे पंचाहत्तर हजारांच्या आसपास, तर रिव्हरसाइडचे पन्नास-पंचावन्न हजार. मग सॅन होजेचा माणूस रिव्हरसाइडच्या माणसापेक्षा चौपट सुखी झाला का? मुळीच नाही. ॲपल, गूगल, एनव्हिडिया या कंपन्यांची मुख्य कार्यालये त्या भागात आहेत. चिप तयार होते तैवानमध्ये, पण तिचा आराखडा सॅन होजेच्या बाजूचा, म्हणून त्या आराखड्याची किंमत तिथे जमा. त्यातला नफा भागधारकांचा, आणि भागधारक जगभर पसरलेले. उत्पादन एका गावी आणि त्याचा वाटा दुसऱ्याच गावी, असा हा प्रकार आहे. सहकारी कारखान्याच्या सभासदाने तर हा फरक कधीच विसरू नये. वर महागाई आहेच : न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को भागात एकंदर भावपातळी देशाच्या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असते, आणि घरभाड्याचे तर विचारूच नका.

भावाचा मुद्दा दुसऱ्या बाजूनेही येतो. टेक्सासच्या पश्चिमेला मिडलँड नावाचे छोटे क्षेत्र आहे, सगळे तेलावर चालणारे. २०१४ च्या मध्याला तेलाचा भाव पिंपाला शंभर डॉलरच्या वर होता, २०१६ च्या सुरुवातीस तो तिसाच्या खाली घसरला. चालू भावाने हिशेब केला तर त्या भागाचे उत्पन्न कोसळलेले दिसणार. पण त्याच काळात त्या पट्ट्यातले तेल वाढतच होते! म्हणून ते कार्यालय चालू भाव आणि स्थिर भाव असे दोन्ही आकडे देते. उसाचे टनेज वेगळे आणि उसाचे बिल वेगळे, तसेच हे. दोन सालांची तुलना करायची तर स्थिर भावाचा तक्ता घ्यावा. एकाच सालातली दोन शहरे ताडायची असतील तर चालू भाव चालतो.

एकाच धंद्यावर उभ्या शहराचे काय होते, ते डेट्रॉइटने दाखवले. मोटारींचे हे शहर १९५० साली साडेअठरा लाख वस्तीचे होते, २०२० च्या शिरगणतीत साडेसहा लाखांच्याही खाली आले, आणि २०१३ साली नगरपालिकेने दिवाळे जाहीर केले. पण महानगर क्षेत्राचा आकडा पाहाल तर ही पडझड त्यात नीट दिसत नाही. माणसे आणि कारखाने उपनगरांत गेले, आणि उपनगरे हिशेबात आतच आहेत. बेरीज मोठी राहिली, मधला गाभा पोकळ झाला.

आता आपल्या धंद्याची गोष्ट. ह्यूस्टन महानगर क्षेत्रात शुगर लँड नावाचे गाव आहे. नावाप्रमाणे ते साखरेचेच. १८४० च्या दशकापासून तिथे साखरेचे काम चालू होते. पुढे इम्पीरियल शुगर कंपनीचा शुद्धीकरण कारखाना झाला आणि गावातली घरे, दुकाने, सारे कंपनीचे. त्या भागातल्या उसाच्या मळ्यांवर कैद्यांना भाड्याने राबवत असत. २०१८ साली एका शाळेच्या बांधकामात ९५ जणांचे सांगाडे सापडले, ते त्याच कैद्यांचे. स्थानिक ऊस पुढे संपला, कच्ची साखर बाहेरून येऊ लागली, आणि २००३ साली शुद्धीकरण कारखाना बंद पडला. आज शुगर लँड एक लाखावर वस्तीचे सुखवस्तू उपनगर आहे.

न्यूयॉर्कचेही तसेच. ब्रुकलिनमध्ये नदीकाठी डॉमिनो साखरेचा कारखाना १८५० च्या दशकापासून होता. १९९९ ते २००१ असा वीस महिने तिथे संप झाला, शहराच्या इतिहासातल्या लांब संपांपैकी एक. २००४ साली साखर शुद्ध करणे थांबले. विटांची ती जुनी इमारत राखून आत कचेऱ्या केल्या, त्या २०२३ साली उघडल्या, आणि आजूबाजूला उंच घरे आली. त्या जागेवर दर चौरस फुटाला आज जे उत्पादन मोजले जाते, ते साखरेच्या काळापेक्षा कितीतरी जास्त असणार. न्यूयॉर्कच्या २ लाख ३० हजार कोटींत ते आलेलेच आहे. संपकरी कामगारांपैकी कुणाला त्या कचेऱ्यांत नोकरी लागली का, हे सांगणारा रकाना या तक्त्यात नाही.